सरोज हरली ती निवडणूक

आई जालन्याच्या दवाखान्यात होती तेव्हा एका दुपारी मी तिच्याजवळ एकटीच बसले होते. तिला चांगली शुद्ध होती. मी म्हटलं, आई, एक सांगायचंय. तिनं मान माझ्याकडे वळवली — आणि तेवढ्यात सलाईन बदलायला नर्स आली. नर्स गेल्यावर आई म्हणाली, ‘काय सांगून राह्यली होती गं?’ मी म्हटलं, काही नाही, मोसंबीचा रस आणू का. ती एक दुपार सोडली तर ही गोष्ट माझ्या ओठांपर्यंतसुद्धा कधी आलेली नाही. नवऱ्याला माहीत नाही. मुलीला तर नाहीच. तुम्ही पहिले.

आणि बघा, एवढं लिहिलं आणि उठले. स्वयंपाकघरात जाऊन गॅस बंद आहे का पाहिलं. बंद होता. मला माहीत होतं की बंद आहे.

मी वकील आहे. जालना जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात. तालुक्याचं नाव सांगत नाही, कारण तिथल्या बाकीच्यांचा यात दोष नाही. म्हणजे — हेही पूर्ण खरं नाही. थोडं लपायचं आहेच. समोरचा साक्षीदार असं अर्धं बोलला की मी त्याला सोडत नाही, उलटतपासणीत दहा बाजूंनी तोच प्रश्न विचारते. स्वतःला मात्र मी आजवर एकदाही पिंजऱ्यात उभं केलं नाही. का नाही केलं? उत्तर काय येणार ते ठाऊक होतं म्हणून.

सरोजपासून सुरू करते.

सरोज आणि मी एकाच वर्षी सनद घेतली. तेव्हा आमच्या कोर्टात बाई वकील म्हणजे आम्ही दोघीच. बाहेर लिंबाखाली पत्र्याच्या शेडमध्ये एक टेबल मिळालं, तेही एका बाजूनं हलणारं, त्याच्यापाशी आम्ही दोघींनी बसायला सुरुवात केली. ती मारवाडी घरची सून. बाजारपेठेत त्यांचं कापडाचं दुकान, चार पिढ्यांपासूनचं. घरात ते मारवाडी बोलायचे, पण कोर्टात पक्षकाराला झापताना सरोजचं मराठी ऐकलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, ही आमच्याच शिवारातली. मी शहागड रस्त्यावरच्या एका गावची, शेतकऱ्याची मुलगी. माझ्याकडे गाडी नव्हती. कित्येक वर्षं मी तिच्या स्कूटीवर मागं बसून घरी गेले.

माझी मुलगी झाली तेव्हा मी सहा-सात महिने कोर्टात येऊ शकत नव्हते. माझ्या सगळ्या तारखा सरोजनं सांभाळल्या. एकही पक्षकार फुटू दिला नाही. आणि फी आली की ती तशीच माझ्या घरी आणून द्यायची. मी म्हणायचे, अर्धी तरी ठेव. ती म्हणायची, ‘तुह्या केसा आहेत, मी निस्ती उभी राहून राह्यले.’

हे मी मुद्दाम सांगतेय. तिनं माझं काही वाईट केलं होतं, आणि मी त्याचा हिशेब चुकता केला, असं तुम्हाला वाटायला नको. तसं काहीही नव्हतं.

मग ती कोतवालाची केस आली.

गोदाकाठच्या एका गावात वाळूचा चोरटा उपसा चालायचा. तलाठ्याच्या हाताखाली भागवत नावाचा कोतवाल होता. गावात दवंडी द्यायची, नोटिसा पोचवायच्या, असं त्याचं काम. एका सकाळी तो वाळूच्या हायवासमोर रस्त्यात उभा राहिला. एवढा मोठा तो ट्रक, आणि हा एकटा, हात वर करून. चालवणाऱ्यानं गाडी थांबवली नाही. भागवत जागेवर गेला. चालवणारा कोण, तर आमच्या भागातले मोठे पुढारी, भाऊसाहेब, त्यांचा सख्खा पुतण्या. हायवावरचा क्लीनर उडी मारून पळाला, आणि त्यानंच पोलिसांना सगळं सांगितलं.

पुतण्याला अटक झाली. जामिनाचा अर्ज आमच्या कोर्टातल्या सत्र न्यायाधीशांपुढे आला. हे न्यायाधीश अबोल. कुणाकडे चहा घेत नसत, कुणाच्या लग्नाला जात नसत. त्यांनी जामीन नाकारला. साक्षीदार गावातला आहे, गरीब आहे, आरोपी बाहेर आला तर त्याच्यावर दबाव येईल, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. भागवतच्या बायकोतर्फे, सुलाबाईतर्फे, सरोज उभी राहिली होती. फी घेतली नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, यात निवडणूक कुठं आली?

इथंच आली. न्यायाधीशाला कुणी मत देत नाही आपल्याकडे. पण वकील संघाच्या अध्यक्षाला देतात. आणि तालुक्याच्या कोर्टात अध्यक्ष ठराव करू शकतो — अमुक न्यायाधीश वकिलांचा अपमान करतात, त्यांच्यापुढे कुणी काम करायचं नाही. महिना-दोन महिने कोर्ट ओस पडलं, वर तक्रारी गेल्या, की बदलीचं वारं सुटतं. म्हणजे न्यायाधीश कोण राहील हे मतपेटीतनंच ठरायचं, फक्त पेटी वेगळी. भाऊसाहेबांना हे बरोबर कळत होतं. त्या वर्षी वकील संघाची निवडणूक तोंडावर होती.

तोवर आमची निवडणूक म्हणजे काय होती? चिवडा, चहा, एखादं जेवण. त्या वर्षी सगळं बदललं. भाऊसाहेबांच्या पक्षानं बप्पा वकिलांना उभं केलं. बप्पा आमच्यात ज्येष्ठ, गोड बोलणारे, भाऊसाहेबांची सगळी कामं त्यांच्याकडे. हायवेवरच्या ढाब्यावर रोज जेवणं सुरू झाली. बाररूममध्ये बाकडी वाटली गेली. या बाकावर या पक्षाचे, त्या बाकावर त्या पक्षाचे. ज्यांनी आयुष्यभर एका डब्यात जेवण केलं ते एकमेकांचा नमस्कार घेईनात. शिवाय एक नियम होता, वर्गणी थकलेली असेल त्याला मत नाही. नव्या मुलामुलींच्या, लहान प्रॅक्टिसवाल्यांच्या वर्गण्या कायमच थकलेल्या. त्या कुणीतरी परस्पर भरू लागलं. कोण भरतंय हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

सरोज बोलली. बाररूममध्ये उभी राहून म्हणाली, ‘मी अध्यक्षपदाला उभी राहून राह्यले. माझा पक्ष न्हाई. कुणाला जेवू घालणार न्हाई, कुणाची वर्गणी भरणार न्हाई. आपल्याच साहेबांच्या विरोधात खोटा ठराव होऊ देणार न्हाई. पटलं तर मत द्या.’

आणि मग माझ्याकडे वळून, सगळ्यांसमोर — ‘सूचक म्हणून मंगल सही करंल.’

इथं थांबते जरा.

मला कसं सांगावं हेच कळत नाही. तिनं मला आधी विचारलं नव्हतं. विचारायची गरजच वाटली नसेल तिला. स्वतःच्या हाताला कुणी विचारतं का? पण मला त्या क्षणी काय वाटलं माहिती आहे? ही का? मी का नाही? वयानं मी मोठी. केसेस माझ्याकडे जास्त. पहिली बाई अध्यक्ष व्हायची असेल तर ती मी व्हावी, असं मी मनात कधीपासून धरलं होतं, कुणाला न सांगता. सरोज उभी राहिली आणि मी सूचक झाले. तिच्या स्कूटीवर मागं बसणारी. लोक टाळ्या वाजवत होते आणि मी हसून सही केली.

पुढच्या आठवड्यात एका लग्नात बप्पा माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसले. भर दुपार, मंगल कार्यालयात पंखे फिरत होते, पंगती उठत होत्या. बप्पांनी माझ्या मुलीच्या शाळेची चौकशी केली. मग सहज बोलावं तसं म्हणाले, ‘ताई, सरकारी वकिलांच्या नेमणुकीची नावं वर जाऊन राह्यलीत. आपल्या कोर्टासाठी एक बाई पाहिजे म्हणतात भाऊसाहेब. मी तुमचं नाव घेतलं.’

मी म्हटलं, मी सरोजची सूचक आहे, बप्पा.

‘बिलकुल राहा. तिच्यासंगंच राहा. प्रचाराला फिरा.’ त्यांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. ‘फक्त काही लोकांच्या वर्गण्या भरायच्या राह्यल्यात. त्या तुम्ही भरा. पैसा माझ्याकडून. नाव सरोजताईंचं सांगा.’

मला समजायला वेळ लागला नाही. तुम्हालाही लागला नसेल. सरोजकडे होतं काय? एवढंच की ती पैसा वाटत नाही. तिनंच पैसा वाटला असं झालं की तिच्याकडे काहीच उरत नव्हतं. आणि तेही कुणी विरोधकानं सांगितलं तर कोण मानणार? पण तिच्या सूचकाच्या हातून पैसे आले तर?

मी तिथून उठून जायला हवं होतं. उठले नाही. मी विचारलं, ‘नेमणुकीचं नक्की आहे का?’

सौदा कळल्यावरचं माझं पहिलं वाक्य हे होतं. दुसरं कुठलं नाही, हेच. इतकी वर्षं मी ते वाक्य मनात फिरवून पाहिलंय — दुसऱ्या कुठल्या अर्थानं म्हटलं असेल का मी? नाही. त्याच अर्थानं.

नंतरचं सगळं सोपं होतं, हीच त्यातली भीती. मी सरोजबरोबर प्रचाराला फिरायचे. ती पुढे बोलायची आणि मी मागं राहून ज्याची वर्गणी थकली आहे त्याला बाजूला घ्यायचे. पाकीट द्यायचे. म्हणायचे, ‘सरोजकडून आहे. तिला विचारू नको, तिला आवडत नाही बोललेलं.’ काहींनी घेतलं आणि त्यांच्या डोळ्यांतली सरोजची किंमत उतरताना मी समोरून पाहिली. काहींनी घेतलं नाही — ते जास्त दुखावले. एकजण म्हणाला, ‘ताई, तुम्हीसुद्धा?’ मी म्हटलं, ‘निवडणूक आहे रे, करावं लागतं.’ मारवाड्याची सून आहे, पैसा असणारच, एवढं लोकांनी स्वतःच जोडून घेतलं. जालन्याच्या व्यापाऱ्यांनी दिलाय, दुसऱ्या पक्षाचा आहे, त्यांनाही अध्यक्ष आपला पाहिजे — ही सगळी भर मी घातली नाही. पण मी ऐकत होते. ज्या गावात तिचं कुटुंब चार पिढ्या राहिलं, त्या गावात तिला एका दिवसात बाहेरची करून टाकलं, आणि मी पाकिटं देत राहिले.

हबीबसाहेबांपर्यंत हे गेलं. हबीबसाहेब आमच्या कोर्टातले सगळ्यांत वयस्क वकील. सरोजला आणि मला कोर्टात कसं उभं राहायचं, आवाज कुठं टाकायचा, हे त्यांनी शिकवलं. ते ज्याच्या मागं उभे राहतील त्याच्या मागं निम्मी बाररूम उभी राहायची, आणि ते सरोजच्या मागं होते. मतदानाच्या आदल्या दिवशी भर बाररूममध्ये त्यांनी विचारलं. पाठीमागं बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

‘सरोज बेटा, तू वर्गण्या भरून राह्यली असं लोक म्हणतात. तुझ्या तोंडून ऐकायचंय मला.’

सरोजला काही माहीतच नव्हतं. ती आधी हसली. मग लोकांचे चेहरे पाहून तिचं हसू गेलं. ‘साहेब, मी एका माणसाला एक रुपया दिला न्हाई.’

कुणीतरी मागून म्हणालं, ‘मंग आमच्यापर्यंत कसा आला?’

‘मला न्हाई माहीत. पण मी दिला न्हाई.’ तिचा आवाज चढला नव्हता. तिनं माझ्याकडे बोट केलं. ‘मंगल माझ्यासंगं रोज आहे. तिला विचारा. ती सांगंल.’

सगळे माझ्याकडे वळले. ज्यांना मी पाकिटं दिली होती तेही. माझं नाव त्यांनी घेतलं नाही, त्यांच्या लेखी मी नुसता सरोजचा हात होते; त्यांना वाटत होतं मी सरोजला वाचवायला खोटं बोलणार. बप्पा खिडकीपाशी वर्तमानपत्र वाचत बसले होते, त्यांनी पान उलटलं. हबीबसाहेब म्हणाले, ‘बोल मंगल.’

तुम्हाला सांगते, त्या क्षणाला मला दोन्ही वाटा मोकळ्या होत्या. ‘पैसे मी वाटले, बप्पांनी दिले’ — एवढंच म्हणायचं होतं. पाच शब्द. किंवा मग साफ खोटं बोलून म्हणायचं होतं, ‘नाही, सरोजनं काही दिलेलं नाही, कोण म्हणतं ते पुढे या.’ तेही चाललं असतं. तेही तिच्या बाजूचं झालं असतं.

मी म्हणाले, ‘सरोज असं करणार नाही, असं मला वाटतं.’

वाटतं.

वकिलांनी भरलेली खोली होती ती. साक्षीदार ‘मला वाटतं’ म्हणाला की त्याचा अर्थ काय होतो हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. मलाही. मी तो शब्द निवडून वापरला. माझ्या तोंडून चुकून गेला असं मी स्वतःला काही वर्षं सांगून पाहिलं, पण माझ्या तोंडून कोर्टात शब्द चुकून जात नाहीत.

हबीबसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ‘ठीक आहे,’ म्हणाले आणि छडी घेऊन बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी ते मत द्यायला आलेच नाहीत. त्यांच्यामागचे बरेचजण आले नाहीत. आले त्यांतले काही बप्पांकडे गेले. सरोज थोडक्यात हरली असती तर कदाचित बरं झालं असतं. ती वाईट हरली.

आणि माझं मत? लोक असं धरून चालतात की सूचकाचं मत तरी उमेदवाराला असतं. मी बप्पांना दिलं. त्याची गरज नव्हती. कुणी पाहणार नव्हतं, मागितलंही नव्हतं. तरी दिलं. ते का? कदाचित अर्धं काम करणं मला जमत नसावं.

निकालानंतर सरोज आमच्या त्या हलणाऱ्या टेबलापाशी येऊन बसली. रडली नाही. म्हणाली, ‘हबीबसाहेबांनी मला विचारलं याचं वाईट न्हाई वाटलं गं. त्यांनी माझं ऐकलं न्हाई याचं वाटलं.’ मग माझा हात धरला. ‘तू किती अवघडली होतीस काल. माझ्यासाठी तुला पण बोल लागला.’ मी तिला चहा पाजला. हो — मीच चहा सांगितला, मीच पैसे दिले.

पुढं काय झालं ते तुम्ही ओळखलंच असेल. महिनाभरात ठराव झाला. न्यायाधीश वकिलांशी उद्धटपणे वागतात, म्हणून त्यांच्यापुढं कुणी काम करायचं नाही. सरोज एकटी विरोधात बोलली, एकटी कोर्टात जाऊन उभी राहिली. लोक तिला म्हणायचे, स्वतः पैसे वाटून वरून नीती शिकवून राह्यली. काही दिवसांनी तिचे पक्षकार कमी झाले. न्यायाधीशांची बदली झाली. कागदावर ती रीतसर बदली होती. ते जाताना सामान टेम्पोत भरत होते, त्यांच्या बाईसाहेब दारात उभ्या होत्या, आणि एकही वकील निरोपाला गेला नाही. सरोज गेली. मी कोर्टाच्या व्हरांड्यातून पाहिलं.

नव्या साहेबांपुढे पुतण्याला जामीन मिळाला. आणि माझी नेमणूक झाली. सहायक सरकारी वकील. बप्पांनी शब्द पाळला.

तो कोतवालाचा खटला माझ्याच टेबलावर आला.

सुलाबाई मला भेटायला आली. तोपर्यंत मी तिच्याशी कधी बोलले नव्हते. डोक्यावर पदर, हातात पिशवी, बरोबर दीर. म्हणाली, ‘सरोजताई म्हण्ल्या, मंगलताई सरकारी वकील झाल्या ते लई बरं झालं. त्या मपल्याच हैत म्हण्ल्या.’ पिशवीतनं मोसंबी काढून टेबलावर ठेवली. मी नको म्हटलं तरी ठेवलीच.

मी तो खटला नीट चालवला. हे खरं आहे, आणि याचाच मला सगळ्यात जास्त त्रास होतो. कागदात माझी एक चूक कुणाला दाखवता येणार नाही. क्लीनर साक्षीला आला. अंगावर नवा शर्ट होता. त्यानं सांगितलं की गाडी कोण चालवत होतं ते त्यानं पाहिलं नाही, तो झोपला होता. मी त्याला फितूर जाहीर करून घेतलं, उलटतपासणी घेतली, पोलिसांपुढचा त्याचा जबाब वाचून दाखवला. तो माझ्याकडे पाहतच नव्हता. त्याला केव्हा गाठलं, कुणी गाठलं, हे मी विचारू शकत होते. पण केव्हा ते मला ठाऊक होतं. पुतण्या बाहेर आल्यावर. आणि पुतण्या बाहेर का आला, तर न्यायाधीश गेले. आणि न्यायाधीश का गेले — मी समोर उभी राहून प्रश्न विचारत होते आणि प्रत्येक उत्तर फिरून माझ्यापाशी येत होतं.

आरोपी निर्दोष सुटला. बाहेर फटाके वाजले. सुलाबाई जिन्यापाशी बसून होती. मला पाहून उठली आणि म्हणाली, ‘ताई, तुम्ही लई भांडल्या. आमचंच नशीब न्हाई.’ आणि माझ्या पाया पडायला वाकली. मी तिला धरलं. मध्येच धरलं, पाय शिवू दिले नाहीत. त्याला तुम्ही नम्रपणा म्हणू नका.

त्यानंतर सरोजनं आमचं कोर्ट सोडलं. जालन्याला गेली, तिथं तिनं पहिल्यापासून सुरुवात केली. जाताना टेबल मला ठेवून गेली. हबीबसाहेब त्याच हिवाळ्यात वारले. सरोजविषयी ते शेवटपर्यंत काही बोलले नाहीत. ती त्यांच्या मातीला आली तेव्हा मागं एका बाजूला उभी होती, बायकांतही नाही आणि वकिलांतही नाही. त्यांना खरं सांगायला माझ्याकडे कितीतरी महिने होते. मी त्यांच्या घरी जायचे, त्यांची औषधं आणून द्यायचे. औषधं द्यायचे आणि घरी यायचे.

पुढं सरकार बदललं तशी माझी नेमणूकही गेली. भाऊसाहेबांनी पक्ष बदलला. बप्पाही त्यांच्यामागं गेले. बाररूममधली बाकडी परत वेगळ्या तऱ्हेनं वाटली गेली. आणि यंदा मला अध्यक्ष केलं, बिनविरोध. दोन्ही बाजूंना मी चालले. बाई आहे, कुणाच्या अध्यात ना मध्यात, असं म्हणाले.

सत्काराला पाहुणी म्हणून कमिटीनं सरोजला बोलावलं. मला वाटलं ती येणार नाही. आली. केस पांढरे झालेत, आवाज तोच. माईकसमोर उभी राहून ती म्हणाली, ‘या खोलीत मी हरले तव्हा सगळे बाजूला झाल्ते. मी कुणाला नावं ठेवायला आले न्हाई. मी आले ते एवढंच सांगायला की त्या वक्ताला एकटी मंगल माझ्या बाजूनं बोलली. या बाईला कुणी पैशानं घेऊ शकत न्हाई. मी पाहून राह्यले इतकी वर्षं.’

लोकांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांना मी पाकिटं दिली होती त्यांनीही वाजवल्या. त्यांना वाटत होतं सरोज जुनं झाकून नेतेय, आणि ते तिला मोठ्या मनानं माफ करत होते. बप्पा पहिल्या रांगेत होते. तेही टाळ्या वाजवत होते, माझ्याकडे न पाहता.

माईक माझ्यासमोर होता. मी म्हटलं, ‘सरोजचे आभार.’

तिनं हार उचलला. ती माझ्यापेक्षा ठेंगणी, म्हणून मी मान खाली केली आणि तिच्या हातून तो घालून घेतला. दुसऱ्या दिवशी कोर्टात गेले आणि अध्यक्षांच्या खुर्चीत बसले. अजून बसते.